धूर मोजणाऱ्याचा पगार



सुरतची हवा गेल्या तीस-चाळीस वर्षांत बिघडली की सुधारली? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही सरकारी कागदांवर आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जयपूरला स्वच्छ वायू सर्वेक्षणाचे निकाल जाहीर झाले. दहा लाखांहून मोठ्या शहरांत सुरत देशात पहिले आले, २०० पैकी १९४ गुण मिळवून. आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही सुरतच आहे. एकाच मुलाला वर्गात पहिला नंबर आणि घरी चिठ्ठी, असा हा प्रकार वाटेल. पण त्यात विसंगती नाही. सर्वेक्षणातले बहुतेक गुण कामाला असतात: रस्ते यंत्राने झाडले का, कचरा पेटवणे थांबवले का, बांधकामावर पडदे लावले का, बस विजेवर आणल्या का. हवेतल्या धूलिकणांचे प्रमाण प्रत्यक्ष किती घटले, याला त्या गुणपत्रिकेत अगदी थोडी जागा आहे. महापालिकेने काम केले यात शंका नाही. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने झाडूचे महत्त्व जितके ओळखले तितके देशातल्या फार थोड्या शहरांनी ओळखले असेल. प्रश्न फक्त एवढाच की झाडू मारल्याचे गुण आणि हवेचे मोजमाप या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ कामरेजची ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात आहेत. उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी ते "कशाने मोजलंस?" असे विचारायचे, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. आजचे व्याख्यान त्या एका प्रश्नाचेच आहे. फक्त मी त्याला पुढचा प्रश्न जोडणार आहे: मोजणाऱ्याला पैसे कोण देतो?

आधी मोजतात कसे ते पाहू. हवेच्या आकड्यांवर वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो आकडा जन्माला येताना पाहिलेला असतो. देशात १९८४-८५ पासून हवा मोजण्याचे जे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, त्याची मूळ पद्धत अशी. काचतंतूचा एक पांढरा कागद घ्यायचा, साधारण वहीच्या पानाएवढा. तो ओलावा शोषून घेणाऱ्या बंद पेटीत चोवीस तास ठेवायचा आणि मग मिलिग्रॅमच्याही अंशापर्यंत तोलणाऱ्या तराजूवर त्याचे वजन करायचे. हा कागद गच्चीवरच्या यंत्रात बसवायचा. यंत्र म्हणजे उलट्या पंख्याचा एक खोका. मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा तो त्या कागदातून ओढतो. आठ तासांनी कागद काढायचा, दुसरा घालायचा, पुन्हा तिसरा. मग सगळे कागद परत पेटीत, परत तराजूवर. आधीचे वजन वजा करायचे आणि उरलेल्याला हवेच्या घनफळाने भागायचे.

आता हिशेब करा. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना, म्हणजे पीएम १० ला, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढली, तर आठ तासांत ५२८ घनमीटर होते. हवा बरोबर मर्यादेवर असेल तर कागदावर साठलेली धूळ भरते सुमारे ५३ मिलिग्रॅम. एका ग्रॅमचा विसावा भाग! पावसाळ्यात कागदाने थोडी ओल धरली, तोलणाऱ्याने घाई केली, पंख्याचा वेग नोंदवायचा राहिला, किंवा वीज दोन तास गेली आणि नोंदवहीत आठच तास लिहिले, तरी शहराची हवा कागदोपत्री बदलते. आणि हे रोज होत नसे. नियमाने आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. वर्षाची सरासरी म्हणतात ती या १०४ दिवसांची. अलीकडे बीटा किरणांनी दर तासाला आपोआप मोजणारी यंत्रे आली, तेव्हा हाताने तोलण्याची कटकट गेली. पण जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळवण्याची नवी कटकट आली.

कारण मधल्या काळात काय मोजायचे हेही बदलत गेले. १९८२ चे पहिले निकष हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीचे होते, त्यात रस्त्यावरचा जाडाभरडा कणही आला. १९९४ मध्ये श्वासाबरोबर आत जाणारे बारीक कण वेगळे धरले गेले. २००९ मध्ये अडीच मायक्रॉनहून लहान कणांना, पीएम २.५ ला, पहिल्यांदा मर्यादा आली: वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच कणांसाठीची आपली शिफारस ५ वर आणून ठेवली. सगळ्यांत घातक तेच कण. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात आणि तिथून रक्तात. आणि नेमक्या त्यांचीच नोंद आपल्याकडे सर्वांत तरुण. म्हणून 'चाळीस वर्षांचा कल' असा एकसंध आलेख कोणी काढून दाखवला, तर त्याची रेघ कुठे सांधली आहे ते आधी विचारावे. उपग्रहावरून काढलेले अंदाज १९९८ पासूनचे आहेत आणि त्यांत ही अडचण कमी आहे. शिकागो विद्यापीठाच्या निर्देशांकाप्रमाणे १९९८ ते २०२१ या काळात भारताची पीएम २.५ ची सरासरी ६७.७ टक्क्यांनी वाढली. हा देशाचा आकडा झाला. एखाद्या गल्लीतली, एखाद्या चार रस्त्यावरची हवा आकाशातून तितकी नेमकी दिसत नाही.

शहराच्या सरासरीत आणखी एक गडबड असते आणि कामरेजकरांना ती चांगली समजेल. ज्याची सरासरी काढतो ते शहरच जागेवर राहत नाही. १९९१ ला सुरतची वस्ती १५ लाखांच्या आसपास होती, २००१ ला २४ लाख, २०११ ला ४४ लाख ६७ हजार. यात माणसे वाढली तशी हद्दही वाढली, आधी २००६ मध्ये आणि मग २०२० मध्ये. या दुसऱ्या वेळी तुमच्याच तालुक्यातले कठोर हद्दीत गेले. हद्द अशी शेतांकडे सरकली आणि नव्या, मोकळ्या भागात एखादे यंत्र बसले, की पांडेसऱ्याच्या कारखान्यांचा एक कण कमी न होता शहराची सरासरी उतरते. उलट यंत्र चौकात नेले की ती चढते. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. म्हणून दीर्घकाळाचा कल पाहायचा तर शहराची सरासरी बाजूला ठेवावी आणि एका जागचे एक यंत्र, एकच महिना, वर्षानुवर्षे, असे पाहावे. जानेवारीची तुलना जानेवारीशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, धूर वर चढत नाही, डोक्याइतक्या उंचीवर पसरून बसतो. जूनला पाऊस सगळे धुऊन नेतो. पावसाळा लांबला त्या वर्षी हवा 'सुधारते', त्याचे श्रेय कोणी घेऊ नये. घेतात!

आता चिमणीकडे येऊ. सुरतची खरी गोष्ट तिथे आहे.

या सभागृहात नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, शिरपूरकडचे बरेच लोक आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, किंवा डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम केले आहे. साडीच्या कापडाला रंग चढवायचा, तो पक्का करायचा, कापड वाळवायचे, यासाठी वाफ लागते आणि तापवलेले तेल लागते. बॉयलर आणि थर्मोपॅक. त्यांत जळतो कोळसा, लिग्नाइट, जमेल तिथे चिंधी. लिग्नाइट तर जिल्ह्यातलेच, तडकेश्वरचे. स्वस्त आणि राखाळ. पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात अशा शेकडो चिमण्या आहेत. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरात घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण नसावेत, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी १९९६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण लेखापरीक्षणाची पद्धत आली. कारखान्याने बाहेरचा लेखापरीक्षक नेमायचा, त्याने चिमणीवर चढून नमुना घ्यायचा आणि अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. परीक्षकाची फी कारखानदार देणार.

पुढे काय झाले असेल ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण ते आकड्यांत पकडायला अर्थतज्ज्ञ लागले. २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग झाला. तो गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी केला. डुफ्लो यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले. निम्म्या कारखान्यांत जुनीच पद्धत ठेवली. उरलेल्यांत परीक्षक चिठ्ठी टाकून ठरवला, त्याची फी एका सामायिक निधीतून ठरावीक दराने दिली आणि त्याने घेतलेल्या नोंदींपैकी काही दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतल्या. जुन्या पद्धतीतल्या परीक्षकांच्या अहवालात कणांचा नियम मोडणारे कारखाने निघाले ७ टक्के. त्याच कारखान्यांची स्वतंत्र मोजणी केली तेव्हा निघाले ५९ टक्के. अहवालांतले आकडे १५०च्या जरासे खाली दाटीवाटीने बसलेले होते, परीक्षेत पस्तीसवर ढकललेल्या मुलांसारखे. नव्या पद्धतीत 'नियम पाळला' अशी खोटी नोंद होण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घसरले. आणि मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: खरे मोजले जाऊ लागताच त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. नियम तोच, दंड तोच, चिमणी तीच. बदलले ते एवढेच की मोजणारा चिठ्ठीने आला, त्याचा पगार मोजल्या जाणाऱ्याच्या खिशातून येईना आणि त्याच्या नोंदी कोणीतरी पडताळू लागले. २०१५ मध्ये मंडळाने परीक्षक चिठ्ठीने नेमण्याची पद्धत नियमातच आणली.

मला या प्रयोगाचे फार अप्रूप वाटते, कारण आपल्याकडे प्रदूषणावरची चर्चा दोनच ठिकाणी जाऊन अडते. एक म्हणजे कायदे कडक करा. दुसरे म्हणजे लोकांत जागृती करा. जागृतीच्या फेऱ्या मी खूप पाहिल्या आहेत, त्यांत शाळकरी मुले उन्हात चालतात आणि पाहुणे गाडीतून येतात. मोजणाऱ्याच्या पगाराबद्दल कोणी फलक धरलेला मात्र पाहिला नाही.

या पायावर पुढचे पाऊल पडले ते सुरतेतच. चिमणीवर वर्षातून दोन-तीनदा चढून नमुना घेण्याऐवजी चिमणीच्या नळातच कायमचे यंत्र बसवायचे आणि त्याने अखंड नोंद पाठवत राहायची. नमुना घ्यायला माणूस येणार हे आधी कळते, त्या दिवशी चांगला कोळसा जळतो, कण अडवणारा बॅग फिल्टर चालू असतो. अखंड यंत्राला असा दिवस कळवता येत नाही. त्याहून मोठा फरक हा की १५० मिलिग्रॅमचा नियम धुराच्या दाटपणाचा आहे, एकूण किती कण सोडले त्याचा नाही. चोवीस तास चालणारी मोठी मिल आणि आठ तास चालणारी छोटी मिल, दोघी १४०वर असल्या तर कायद्याला सारख्याच. छातीला सारख्या नाहीत. अखंड यंत्र दाटपणाला धुराच्या प्रवाहाने गुणून किलो सांगते.

किलो कळले की बाजार मांडता येतो. जून २०१९ मध्ये घोषणा आणि सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष व्यवहार, असा धूलिकणांच्या उत्सर्जनाचा जगातला पहिला म्हणवला जाणारा बाजार सुरतेत उघडला. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने गंधकाच्या धुरासाठी असा बाजार केला होता. सुरतचा बाजार कणांसाठी होता. सुरतच्या ३१७ कारखान्यांपैकी १६२ चिठ्ठीने बाजारात घेतले, १५५ जुन्याच नियमाखाली ठेवले, म्हणजे तुलना करता यावी. बाजारातल्या सगळ्यांनी मिळून महिन्याला किती टन कण सोडायचे याची मर्यादा ठरवली. ती सुरुवातीला २८० टन होती, नंतर १७० वर आणली. त्या मर्यादेचे परवाने किलोच्या हिशेबाने वाटले, ८० टक्के फुकट आणि २० टक्के लिलावाने. ज्याने कमी सोडले तो उरलेले परवाने विकतो, ज्याने जास्त सोडले त्याला विकत घ्यावे लागतात. भाव किलोला किमान ५ रुपये, कमाल १००. मुदत संपताना जितके किलो तितके परवाने खात्यात नसले तर आधी भरलेल्या अनामतीतून कमाल भावाच्या दुप्पट दराने पैसे कापले जातात. धूरच विकायला काढला म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. व्यापाऱ्यांच्या गावाला ही भाषा पटकन कळली, एवढे खरे. कोणाच्या हातात केव्हा परवाने शिल्लक आहेत आणि भाव कधी चढणार याची चर्चा कापडबाजारातल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

मध्ये मार्च २०२० ची टाळेबंदी आली, मिल बंद पडल्या आणि व्यवहार थांबले. आपली माणसे गावाकडे निघाली. ते सगळे उरकल्यावर व्यवहार पुन्हा सुरू झाले. या प्रयोगाचा निष्कर्ष २०२५ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. बाजारातल्या कारखान्यांचे कणांचे उत्सर्जन इतरांच्या मानाने २० ते ३० टक्क्यांनी घटले. परवान्यांचा हिशेब ९९ टक्के वेळा पुरा झाला. ज्या देशात नोटिसांवर तारखा पडतात तिथे हा आकडा मला कणांच्या आकड्याहून मोठा वाटतो. आणि तेवढीच घट करायला येणारा खर्च ११ ते १४ टक्के कमी पडला. बहुतेक मिलमध्ये कण अडवायची उपकरणे आधीपासून होतीच. सायक्लोन होता, बॅग फिल्टर होता. पण फिल्टरच्या पिशव्या फाटल्या की बदलायला पैसे लागतात, पंखा चालवायला वीज लागते. किलोला भाव आल्यावर पिशवी वेळेवर बदलणे परवडू लागले.

आता यापुढे जे म्हणतात ते मी म्हणणार नाही. चिमण्यांतून ३० टक्के कमी कण निघाले म्हणून सुरतच्या हवेतले कण ३० टक्क्यांनी उतरले, असे होत नाही. हवेत मिलचा धूर असतो, तशी रस्त्याची धूळ असते, डिझेल असते, मेट्रोच्या खोदकामाची माती असते, हजिऱ्याच्या भट्ट्या असतात आणि शेजारच्या तालुक्यातून वाऱ्याने आलेलेही असते. बाजार होता निवडक चिमण्यांचा.

आणि शेजारचा तालुका म्हणजे आपला. कामरेज सुरतच्या ईशान्येला आहे, तापीच्या काठावर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या पोथीत भडोचच्या आखाताजवळ 'कम्मोनी' म्हणून जे गाव येते ते हेच, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे येथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ जुनी. आज ती राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जाते. मुंबई-अहमदाबादचा मालट्रक कामरेजच्या चार रस्त्याला वेग कमी करतो, गिअर बदलतो आणि काळा फवारा सोडून पुढे जातो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, समुद्राकडून. तेव्हा शहराचा धूर तुमच्याकडे येतो. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून वाहतो, तेव्हा तुमच्याकडचा धूर शहराकडे जातो. नेमका हाच ऊसतोडीचा हंगाम. खानदेशातून आणि डांगातून कोयते घेऊन मजूर येतात, आणि तोडणी सोपी व्हावी म्हणून उभ्या उसाचे पाचट पेटवले, की संध्याकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी नखे पडतात. ती मोठी असतात म्हणून डोळ्यांना दिसतात. त्यांच्याबरोबर निघालेले बारीक कण दिसत नाहीत आणि लांब जातात. पेटवतो तो मजूर सगळ्यांत जवळ असतो. यान ब्रेमन यांनी या भागातल्या ऊसतोड कामगारांवर १९७०च्या दशकात लिहिले, तेव्हापासून त्यांच्या राहणीबद्दल पुष्कळ छापून आले. त्यांच्या श्वासाचे मोजमाप मात्र कोणी नेमाने ठेवले नाही.

असे मोजमाप ठेवता येते, हे मुंबईने दाखवले आहे. केईएम रुग्णालयाचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग अशा ठिकाणच्या माणसांची फुप्फुसे तपासून प्रदूषणाशी त्यांचा मेळ घातला. अमेरिकेतला सहा शहरांचा गाजलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत कळकट शहरातला मृत्यूदर सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के जास्त निघाला. तो काढायला हजारो माणसांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा करावा लागला. कामतांनंतर गिरणगावच बदलले. १९८२ चा संप झाला, गिरण्या पडल्या आणि कापडाचे काम भिवंडीला, मालेगावला, काही अंशी सुरतला गेले. परळच्या हवेचा आलेख खाली आलेला दिसला तर त्यातला काही धूर विझलेला नसून इकडे राहायला आलेला आहे, हे आलेख सांगत नाही.

चिमण्यांवर लक्ष ठेवायला महाराष्ट्रानेही जून २०१७ मध्ये बाजाराहून वेगळा मार्ग धरला. तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना चिमणीच्या मोजणीवरून एक ते पाच तारे द्यायचे आणि ते जाहीर करायचे ठरवले. खानदेशातल्या आपल्या गावाशेजारच्या कारखान्याला किती तारे आहेत हे इथे बसून मोबाईलवर पाहता यावे, अशी ती कल्पना. मला बाजार जास्त पटतो. लाज वाटणे हे माणसामाणसांवर अवलंबून असते.

शेवटी कामरेजपुरती एक मागणी मांडतो. ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळाने ती ठरावात घ्यावी. या गावात हवा मोजणारे एक अखंड यंत्र मागावे. ते चार रस्त्यावर नको, तिथे ट्रकच मोजले जातील. उसाच्या मळ्यातही नको. एखाद्या शाळेच्या गच्चीवर, जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर, जवळ उंच झाड किंवा स्वयंपाकघराचे धुरांडे नसेल अशा जागी. एकदा बसवले की निदान पंधरा वर्षे हलवायचे नाही, शाळेला मजला चढवायचा झाला तरी त्याची जागा आधी ठरवून मगच चढवायचा. पीएम १० बरोबर पीएम २.५ मोजायचे, कारण स्वच्छ हवा कार्यक्रमाची बक्षिसे पीएम १० वर ठरत असली तरी दवाखान्यातली रांग पीएम २.५ वर ठरते. दर तासाची नोंद कच्च्या स्वरूपात लोकांना मिळावी. सरासरी आम्ही काढू. यंत्राच्या विजेचे बिल, गाळणीच्या फिती, वर्षातून ठरलेल्या वेळी करायची तपासणी, याचा खर्च आधीच ठरावात लिहावा. साखर कारखाना, टोलनाका किंवा एखादी मिल तो द्यायला पुढे आली, तर पैसे जरूर घ्यावेत. पण ते सामायिक निधीत जमा करावेत आणि यंत्र तपासायला येणारा माणूस चिठ्ठी टाकून निवडावा.